आधी गार, मग कढत, बाळ सगळ्यात शेवटी

घणसोलीला माझ्या पुतण्याकडे सात महिन्यांची मुलगी आहे. गेल्या महिन्यात तिच्या अंघोळीच्या वेळी मी तिथे होते. बादलीत गीझरचं पाणी भरून ठेवलेलं, त्यातून वाफ येतेय, गार नळ अजून सोडायचाय, आणि बाळ अंगाला तेल लावून टॉवेलवर तयार, बाथरूमच्या दारापासून दोन हातांवर. सूनबाई म्हणाली, “काकू, एक मिनिट हं, विसण घालते.” ते एक मिनिट मला बघवेना. मी आधी बाळाला उचललं आणि मग बोलले.

त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून त्यांचं बाथरूम पहिल्यापासून लावलं. तेच इथे क्रमाने लिहिते आहे. ज्यांच्या घरी नुकतंच बाळ आलंय त्यांच्यासाठी, आणि गावाकडचा बंब सोडून जे पहिल्यांदाच ठाण्या-नवी मुंबईच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेत त्यांच्यासाठीही.

मी डॉक्टर नाही. पण हे माझ्या हातून घडलेलं आहे. २००४ च्या डिसेंबरात आम्ही कळव्याला, खारेगावात वन रूम किचनमध्ये राहत होतो. गीझर नव्हता. गॅसवर पातेल्यात आधण ठेवायचं, सांडशीने धरून मोरीत न्यायचं आणि बादलीत ओतायचं. त्या सकाळी ओतलं, नळ सोडला, तर नळाला पाणीच नाही. स्वयंपाकघरातल्या पिंपातून गार पाणी आणायला वळले. आठ-दहा पावलं असतील. तेरा महिन्यांची माझी मुलगी बादलीचा काठ धरून उभी राहिली. त्या काठावरून हात आत घालण्याएवढी तिची उंची झाली आहे, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. उजवा हात कोपरापर्यंत आत गेला. अंगात लोकरीचा स्वेटर होता. मी तिला छातीशी घट्ट धरून “काय झालं, काय झालं” करत उभी राहिले, आणि कढत पाणी पिऊन बसलेली ती बाही तेवढा वेळ तिला भाजतच राहिली.

तेव्हापासून मी घरात गरम पाण्याकडे एकाच नजरेने बघते. कढत पाणी घरात लागणारच, ते बंद करता येत नाही. पण बाळ भाजतं ते बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. गरम आधी आणि गार नंतर, आणि या दोन्हींच्या मधल्या वेळात मूल जवळपास. विसण या आपल्या शब्दातच हा उलटा क्रम बसलेला आहे. आधी कढत पाणी काढायचं आणि मग ते सोसवेल इतपत गार पाणी त्यात घालायचं, त्याला विसण. माझ्या सासूबाई इसण म्हणायच्या. शब्द गोड आहे, पण घरात लहान मूल असेल तर ही पद्धत सोडायची.

गीझरचा नॉब शोधा

सुरुवात गीझरपासून करा, कारण हे काम एकदाच करायचं आहे आणि पुढे रोज उपयोगी पडतं.

आकडे आधी डोक्यात बसू द्या. ६६ अंश सेल्सियसचं पाणी मोठ्या माणसाच्या कातडीला दोन सेकंदांत खोलवर भाजतं. ६० अंशाला पाच-सहा सेकंद लागतात, ५४ ला अर्धा मिनिट, आणि ४९ अंशाला साधारण पाच मिनिटं. हे सगळं मोठ्यांचं. बाळाची कातडी आपल्यापेक्षा खूप पातळ असते, म्हणून त्याला याहूनही कमी वेळ पुरतो. शिवाय त्याला बाजूला होता येत नाही. आपल्याला चटका बसला की हात आपोआप मागे येतो. सहा महिन्यांचं मूल पाण्यात बसलेलं असलं तर तिथेच बसून रडतं.

आपल्याकडचे १५ किंवा २५ लिटरचे साठवणीचे गीझर ६० च्या वर, काही तर ७५ पर्यंत पाणी तापवू शकतात. घेतल्या दिवशी मेकॅनिकने नॉब जिथे ठेवला तिथेच तो वर्षानुवर्षं असतो. घणसोलीच्या घरात नॉब गीझरच्या खालच्या बाजूला होता, टोकापर्यंत फिरवलेला. तो आम्ही ५० च्या आसपास आणला. काही गीझरमध्ये ही सोय आतल्या झाकणाखाली असते. तिथे स्वतः स्क्रू काढत बसू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा, तो एमसीबी खाली करून दोन मिनिटांत करून देतो. तीन लिटरच्या इन्स्टंट गीझरला बहुधा नॉबच नसतो. तिथे पुढे सांगितलेल्या क्रमावरच सगळी भिस्त.

नॉबवरच्या खुणेवर विसंबू नका, पाणी मोजून बघा. गीझरचा दिवा गेला की गरम नळाचं पाणी स्टीलच्या मोठ्या पेल्यात घ्या आणि थर्मामीटर बुडवा. तापाचा थर्मामीटर इथे चालत नाही, तो ४२-४३ च्या पुढे मोजतच नाही. स्वयंपाकाचा किंवा बाळाच्या अंघोळीचा डिजिटल थर्मामीटर लागतो. आमच्या पेल्यात पहिल्या दिवशी ६४ आले. नॉब फिरवून दुसऱ्या दिवशी मोजलं तर ५१.

पुतण्याची लगेच तक्रार. “काकू, मग मला अंघोळीला पाणी पुरणार कसं?” हा हिशेब करून बघण्यासारखा आहे. नळाचं पाणी २६ अंश धरा. ५० अंशाचं एक मग आणि २६ चं एक मग मिळून होतं ३८, म्हणजे अंघोळीला हवं तेवढंच. १५ लिटरच्या गीझरमधून असं ३० लिटर, दीड-दोन बादल्या पाणी निघतं. एका माणसाला ते पुरेसं आहे, पुढच्याने दहा-पंधरा मिनिटं थांबायचं.

हाच हिशेब गॅसवर पाणी तापवणाऱ्यांनाही उपयोगी आहे. उकळत्या पाण्याच्या एका मगाला गार पाण्याचे पाच मग लागतात, तेव्हा कुठे ते ३८ वर येतं. बादलीत अर्धं आधण ओतून वर दोन तांबे विसण घातलं तर ते पाणी बाळाचं नाही. हे प्रमाण ऋतूप्रमाणे हलतं. जानेवारीत पहाटे नळाचं पाणी बरंच गार असतं आणि मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी आपणच कोमट असतं. म्हणून प्रमाण अंदाजाला ठेवा, खात्री हाताने करा.

तुमच्याकडचं गरम पाणी कुठून येतं?

घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघरच्या बऱ्याच टॉवरमध्ये गच्चीवर सोलर असतं. भाड्याने नव्याने आलेल्यांना याची कल्पना नसते. सोलरच्या पाण्याला तुमच्या घरात नॉब नाही. नळ सोडला की आधी पाइपात साचलेलं गार पाणी येतं, दोन-तीन बादल्यासुद्धा जातात, आणि मग एकाएकी कढत धार लागते. चांगलं ऊन पडलेल्या दिवशी ती गीझरच्या पाण्यापेक्षा जास्त गरम असू शकते. धार हाताला गार लागते म्हणून बाळाला नळाखाली धरलं, आणि मग पाणी बदललं, असं होऊ शकतं. अशा घरात बाळाला वाहत्या नळाखाली किंवा हँड शॉवरखाली धरायचंच नाही. आधी बादली भरा, नळ बंद करा, मग अंघोळ.

गॅस गीझरचंही तसंच, कारण वेगळं. त्यात पाणी वाहता वाहता तापतं. कोणी स्वयंपाकघरात नळ सोडला आणि बाथरूममधली धार बारीक झाली, की तीच ज्योत कमी पाण्याला तापवते आणि धार भसकन गरम होते. आणि गॅस गीझर असेल तर एक गोष्ट भाजण्याहूनही जास्त गंभीरपणे घ्या. तो बंद बाथरूमच्या आत नको. त्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू साठू शकतो, त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो. गीझर बाहेरच्या मोकळ्या हवेत बसवून घ्या. भाड्याचं घर असेल तर मालकाशी भांडून बसवून घ्या.

हीटरची रॉड मला लहान मुलाच्या घरात नकोच वाटते. विजेचा धक्का, कढत बादली आणि काढल्यानंतरही तापलेली रॉड, असे तीन धोके एकाच वेळी जमिनीवर. दुसरा इलाज नसेल तर बादली ओट्यावर किंवा कडी लावलेल्या खोलीत ठेवा. आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग रॉड वर, आणि ती उंच खुंटीला टांगा.

पातेल्यातलं पाणी तापवणाऱ्यांना माझ्या अनुभवाचं एकच सांगणं आहे. कढत पातेलं घरभर फिरवू नका. मी कित्येक वर्षं आधण मोरीपर्यंत नेत राहिले, आणि बादलीच स्वयंपाकघरात आणावी हे मला सुचलं नाही. गार पाण्याची बादली ओट्याशी आणा, तिथेच आधण त्यात मिसळा आणि कोमट झालेली बादली बाथरूममध्ये न्या. वाटेत सांडली तर फरशी ओली होईल, एवढंच. हे करताना बाळ पाळण्यात, किंवा कुणाच्या तरी मांडीवर. रांगणारं मूल पायात येतं, ते दिसत नाही.

रोजचा क्रम

आता रोजची अंघोळ. हे सगळं बाळाला हात लावायच्या आधी करायचं.

टॉवेल, कपडे, लंगोट, साबण किंवा डाळीचं पीठ, सगळं हाताशी मांडा. अर्ध्यावर “अगं, टॉवेल राहिला” म्हणून उठावं लागलं की गडबड तिथेच होते. मोबाइल बाहेर ठेवा. अंघोळीच्या वेळी फ्लॅटमध्ये हमखास बेल वाजते. कचरेवाला, कुरिअर, वॉचमनचा इंटरकॉम. वाजू द्या. जायचंच असेल तर बाळाला टॉवेलात गुंडाळून बरोबर घेऊन जा. टबात दोन-चार बोटं पाणी असलं तरी त्यात बाळ बुडू शकतं, म्हणून “फक्त दार उघडून येते” हेही नाही.

मग बादलीत किंवा टबात आधी गार पाणी. निम्मं भांडं भरेपर्यंत गरम नळाला हात लावायचा नाही. त्यात हळूहळू गरम सोडा. म्हणजे कुठल्याही क्षणी तुम्हाला वळावं लागलं, वीज गेली, पाणी गेलं, तरी मागे राहिलेल्या बादलीत फार तर गार किंवा कोमट पाणी असेल. माझ्या त्या सकाळी एवढं जरी केलं असतं तरी नळ कोरडा आहे हे आधीच कळलं असतं आणि आधण गॅसवरच राहिलं असतं.

भरून झालं की गरम नळ आधी बंद करा, गार नळ क्षणभर तसाच वाहू द्या आणि मग तोही बंद. त्यामुळे तोटीत अडकलेलं शेवटचं पाणी गार असतं आणि धातूची तोटीही निवते. एकाच दांड्याचा मिक्सर असेल तर दांडा पूर्ण गार बाजूला फिरवून ठेवा. मुलं तो दांडा एका बोटाने वर करतात. गीझरचं बटण बंद.

आता पाणी ढवळा. तळापर्यंत हात घालून ढवळा, कारण गरम पाणी वर राहतं, गार खाली बसतं, आणि टबाच्या एका कोपऱ्यात कढत पाणी तसंच राहू शकतं. मगच तपासा, आणि तळहाताने नको. रोज पोळ्या भाजणारा, तव्यावरून पापड उचलणारा हात आहे तो, त्याला चटका लवकर कळत नाही. कोपर बुडवा, किंवा मनगटाच्या आतल्या बाजूवर पाणी ओता. तिथे ते गरम नाही, गारही नाही, असं लागलं पाहिजे. “छान गरम आहे” असं वाटलं तर ते बाळाला जास्त आहे. थर्मामीटर असेल तर ३७-३८.

आणि मग, सगळ्यात शेवटी, बाळ.

बाळ पाण्यात असताना वरून गरम पाणी घालायचं नाही. हा नियम पाळायला सगळ्यात अवघड जातो, कारण थंडीत पाणी पटकन निवतं आणि बाळ कुडकुडेल अशी भीती वाटते. निवलं तर अंघोळ संपवा. अगदीच हवं असेल तर बाळाला काढून गुंडाळा, दुसऱ्या कुणाकडे द्या, आणि पुन्हा गार-गरम-ढवळ-कोपर. बाळाची अंघोळ पाच मिनिटांत होते, तेवढ्यात पाणी फार निवत नाही.

मालिशवाल्या मावशी आणि आजी

खरी अडचण गीझरची नसते, माणसांची असते. बाळाला पायांवर पालथं घालून वरून पाणी घालायची आपली पद्धत, आणि ते पाणी “कडक” हवं, नाहीतर अंग सुटत नाही, बाळ झोपत नाही, ही समजूत. घणसोलीच्या मावशी वीस-पंचवीस वर्षं हेच काम करतात. किती बाळांना त्यांनी न्हाऊ घातलं असेल! त्यांना नवख्या आईने थर्मामीटर दाखवला तर राग येणारच.

सूनबाई आधी गप्प बसायची. मी तिला म्हटलं, वाद घालू नकोस, पाणी काढायचं काम तू तुझ्याकडे घे. दुसऱ्या दिवशी तिने मावशींना सांगितलं, “मावशी, तुमचे हात तेलाचे होतात, उद्यापासून पाणी मी काढून देत जाईन.” मावशींनी बादलीत बोटं घातली. “हे काय गं, गारढोण. याने काय शेकणार?” सूनबाईने त्यांच्या मनगटाच्या आत मगातलं थोडं पाणी ओतलं. मावशी थांबल्या, म्हणाल्या, “इथं लागतंय खरं गरम.” आणि पाय पसरून बसल्या. प्रत्येक घरी इतकं सोपं जाईल असं मी म्हणत नाही. पण बाळाची कातडी चांगली लाल होईपर्यंत पाणी घालणं म्हणजे शेकणं नाही, तो भाजण्याचा पहिला टप्पा आहे, हे आईने ठामपणे सांगायलाच हवं. आजी सांगत असली तरीही.

बाळंतिणीला मात्र जास्त गरम पाणी लागतं आणि ते त्याच वेळी तिथेच ठेवलेलं असतं. इथे घोळ होतो. तेलकट हाताने, वाफेत, मावशी चुकून त्या बादलीत तांब्या बुडवतात. म्हणून दोन वेगळ्या रंगांच्या बादल्या घ्या, आणि बाळाचं न्हाणं पूर्ण होऊन ते खोलीबाहेर गेल्याशिवाय आईची बादली आत आणू नका. धुरीच्या शेगडीलाही हाच नियम.

घरात तीन-चार वर्षांचं मोठं भावंड असेल तर त्याला वेगळं सांभाळा. ते प्रेमानेच धाकट्यावर पाणी घालायला येतं आणि लाल ठिपक्याचा नळ फिरवतं. त्याला “हात लावू नको” असं ओरडण्यापेक्षा कोमट पाण्याने भरलेला एक छोटा मग हातात द्या, तो त्याचा. बाथरूमच्या दाराला बाहेरून वरच्या बाजूला कडी बसवा आणि ती एरवीही लावलेली असू द्या.

दिवाळीची पहाट मला दरवर्षी धास्ती लावते. अभ्यंगस्नान, अंधार, घरात पाहुणे, चार पोरं तेल-उटणं लावून निसरडी झालेली, आणि प्रत्येकासाठी गॅसवर पाणी. कोणाकडे कुठलं मूल आहे हे कोणालाच माहीत नसतं. त्या दिवशी एका मोठ्या माणसाने फक्त पाणी बघावं आणि दुसऱ्याने फक्त मुलं. दोन्ही कामं एकाकडे नकोत. सर्दीसाठी मुलाला उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफ देणंही सोडून द्या. भांडं मांडीवर उलटतं. सर्दीला दुसरं काय करायचं ते बालरोगतज्ज्ञांना विचारा.

तरीही भाजलंच तर

हा भाग आज वाचा, आणि घरातल्या प्रत्येकाला, मावशींनाही, तोंडी सांगा. त्या वेळी कोणी वाचत बसत नाही.

बाळाला कढत पाण्यापासून दूर घ्या आणि ताबडतोब कपडे काढा. लंगोट, डायपर, स्वेटर, सगळं, कारण भिजलेला कपडा भाजत राहतो. मनगट्या, वाळे, करगोटा, गळ्यातला काळा दोरा, हेही लगेच काढा. थोड्या वेळाने सूज येते आणि मग ते रुततात. एखादा कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढू नका, त्याच्या भोवतीचा कापून घ्या.

मग भाजलेला भाग वाहत्या गार पाण्याखाली धरा. २० मिनिटं, घड्याळ लावून. बाळ आक्रोश करत असताना २० मिनिटं फार मोठी वाटतात, पाचव्या मिनिटालाच “पुरे झालं” वाटतं. थांबू नका. याने भाजणं खोल जायचं थांबतं आणि वेदनाही कमी होते. लगेच जमलं नाही तरी तीन तासांच्या आत केलं तरी उपयोग होतो. बर्फ किंवा फ्रीजचं पाणी नको. शटडाऊनच्या दिवशी नळाला पाणी नसेल तर साठवलेल्या पिंपातून मगाने सतत ओतत राहा. वीस लिटरचा पिण्याचा जार असेल तर तोही चालेल. बाळ घरात असेपर्यंत एक बादली गार पाणी कायम भरलेली ठेवावी, असं मी म्हणते ते यासाठीच.

पाणी फक्त भाजलेल्या भागावर. बाकीचं अंग कोरड्या टॉवेलात गुंडाळा, एसी-पंखा बंद करा. तान्हं बाळ लवकर गारठतं. ते कुडकुडायला लागलं, मलूल झालं, तर थांबा आणि दवाखाना गाठा.

वर काहीही लावायचं नाही. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, बटाट्याचा कीस, कोरफड, काहीही नाही. माझ्या मुलीच्या वेळी शेजारच्या आजी हळद-तूप घेऊन धावत आल्या आणि मी मायेने ते लावू दिलं. दवाखान्यात तो थर खरवडून काढावा लागला, जखम किती आहे हे दिसण्यासाठी. पहिल्या भाजण्यापेक्षा ती त्या वेळी जास्त किंचाळली. फोड फोडू नका. स्वयंपाकघरातली पारदर्शक प्लास्टिकची फिल्म असेल तर तिचं वरचं वेटोळं फेकून देऊन पुढची स्वच्छ पट्टी जखमेवर नुसती ठेवा, आवळून गुंडाळू नका. नसेल तर धुतलेलं सुती कापड.

दवाखान्यात कधी जायचं? बाळ एक वर्षाच्या आतलं असेल तर नेहमी. फोड आले असतील, चेहरा, हात, पाऊल, सांधा किंवा लघवीची जागा भाजली असेल, किंवा भाजलेला भाग बाळाच्या स्वतःच्या पंजाएवढा असेल, तर लगेच. बोटांसकट मुलाचा पंजा म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण एक टक्का. दहा टक्क्यांच्या आसपास भाजलं की लहान मुलाच्या शरीरातलं पाणी झपाट्याने कमी होतं, तिथे सलाइनची गरज पडते. रुग्णवाहिकेसाठी १०८, आणीबाणीसाठी ११२. आपल्या भागात कळव्याला महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, वाशीला नवी मुंबई महापालिकेचं रुग्णालय, आणि ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर हे खास भाजलेल्यांसाठीचं रुग्णालय. तुमच्या घरापासून कुठलं जवळ, संध्याकाळी ठाणे-बेलापूर रस्ता तुंबलेला असताना कुठलं जवळ, तिथे लहान मुलांना रात्रीही घेतात का, हे आजच फोन करून विचारून ठेवा आणि नंबर फ्रीजवर चिकटवा. जाताना लसीकरणाचं कार्ड घ्या, धनुर्वाताचं विचारतात. दूध पाजायचं का ते पोचल्यावर डॉक्टरांना विचारा.

घरी सोडलं तरी पुढचे काही दिवस लक्ष ठेवा. ताप, उलट्या, अंगावर पुरळ, लघवी कमी होणं, बाळ सारखं झोपेत राहणं, यातलं काहीही दिसलं तर जखम छोटी असली तरी पुन्हा न्या. जखम भरली म्हणजे काम झालं असंही नाही. हाताला किंवा सांध्याला भाजलं असेल तर कातडी भरताना आवळते, बोटं आत ओढते. डॉक्टर सांगतील तो व्यायाम, तो मसाज, तो दाबाचा मोजा, महिनोन् महिने चालू ठेवावा लागतो. फिजिओथेरपीला मी मुलीला आठ महिने नेलं आणि मग जखम छान दिसते म्हणून बंद केलं. तिची चार बोटं पूर्ण सरळ होतात, करंगळी होत नाही.